लगावलीच्या नादी लागू नका

कवितेला नुकती सुरुवात केलेल्या माणसाच्या वाट्याला एक काका येतातच. निवृत्त, खांद्याला शबनम, शबनममध्ये माधव ज्यूलियनांचं वृत्तांवरचं पुस्तक, 'छंदोरचना'. ते तुमची कविता पूर्ण ऐकून घेतात, 'भाव छान आहे' म्हणतात आणि जरासे थांबतात. ते थांबले की तुम्ही उठा. चहा आला म्हणून उठा, फोन आला म्हणून उठा, कारण पुढचं वाक्य 'पण वृत्ताचं थोडं बघा' हे असणार आहे. बसून राहिलात तर काका बोटांवर मात्रा मोजून दाखवतील, आणि मग स्वतःच्याच कवितेकडे पूर्वीच्या मायेनं बघणं तुम्हाला जमणार नाही.

वृत्तं अवघड असतात म्हणून शिकू नका, असं काही मी सांगणार नाही. ती सोपी असतात, हीच तर पंचाईत आहे. ह्रस्व अक्षर लघु म्हणजे 'ल', एक मात्रा; दीर्घ अक्षर गुरू म्हणजे 'गा', दोन मात्रा; जोडाक्षराचा आघात आला की त्याच्या आधीचंही गुरू. अशा ल-गांची ओळ म्हणजे लगावली. तीन अक्षरांचा एक गण, असे गण आठ. ते आठही 'यमाताराजभानसलगम्' या एका सूत्रात बसवलेले आहेत. सूत्रातलं कुठलंही अक्षर धरा आणि पुढची दोन जोडा. 'यमाता' म्हणजे लघु-गुरू-गुरू, हा य गण. 'मातारा', तिन्ही गुरू, म गण. 'नसल', तिन्ही लघु, न गण. रविवारच्या एका दुपारीत हे डोक्यात शिरतं आणि मग निघत नाही. पिठाच्या गिरणीवरची पाटीसुद्धा माणूस लगागा लगागा करत वाचायला लागतो.

त्याहून वाईट म्हणजे, हे सगळं आपल्याला आधीपासून येतंय असं लक्षात येतं. लहानपणी ताटापुढे बसून 'वदनि कवळ घेता नाम घ्या श्रीहरीचे' म्हणत होतात ना? ते मालिनी वृत्त आहे. न न म य य, 15 अक्षरं, 'घेता'पाशी यती, म्हणजे थांबा. म्हणून तर तिथे 'वदनी' नाही, 'वदनि' आहे; निबंधात असं लिहिलं असतं तर बाईंनी लाल शाईनं गोल केला असता, पण तिसरं अक्षर लघु हवं म्हणजे हवं. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, म्हणजे चार य गण ओळीनं. ज्यानं ते पाठ केले त्याच्या कानात भुजंगप्रयात मुक्कामालाच आहे. हे एकदा कळलं की 'आम्हाला बाई ते छंदबिंद जमत नाहीत' ही सबब हातची जाते. तेव्हा कळूच देऊ नका.

वादात 'बहिणाबाई कुठे वृत्तं शिकल्या होत्या?' हा हुकमी मुद्दा आहे. खुशाल वापरा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं हे खरंच आहे. फक्त समोरच्यानं 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' ही अक्षरं मोजायला घेतली, आठ आणि आठ, की विषय बदला. जात्याच्या ठेक्यावर ओवी गाणाऱ्या बाईला अक्षरगणना वेगळी शिकवावी लागत नाही, हे त्याला सुचायच्या आत. मर्ढेकरांचं नाव घेण्यातही जोखीम आहे. नवकवितेचे म्हणून आपण त्यांच्या आडोशाला जावं, तर 'पिपात मेले ओल्या उंदिर' या ओळीच्या मात्रा भरतात बरोबर सोळा. पिपात मरायचं तरी 'उंदीर'चा 'उंदिर' होऊन, मात्रा सांभाळून मरायचं! कवी अनिल मुक्तछंदाचे पुरस्कर्ते म्हणून फार सोयीचे वाटतात, पण त्यांनी पुढे दहा ओळींची 'दशपदी' काढली आणि 1977 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या नावाच्या संग्रहाला मिळाला. मोकळं सुटलेला माणूस आपण होऊन दहा ओळींत जाऊन बसतो, याला काय म्हणावं? एकूण काय, मुक्तछंदाची बाजू घेताना कुठल्याच कवीचं नाव घेऊ नका. 'भावना' म्हणा. भावनेच्या मात्रा कुणी मोजत नाही.

आता वृत्ताचा खरा उपद्रव सांगतो. भुजंगप्रयातात कुठल्याही दोन लघु अक्षरांच्या मध्ये दोन गुरू लागतातच. ऐकायला निरुपद्रवी नियम आहे. पण हा नियम दाराशी बसला की आत कोण येऊ शकत नाही बघा: 'मन' येत नाही. 'क्षण' येत नाही. 'विरह' येत नाही, 'श्रावण' येत नाही आणि 'आठवण' तर उंबऱ्यावरच अडखळते. 'पाऊस' येतो, पण 'पावसात' येत नाही. हे सहा शब्द काढून घेतले तर आपल्या कवितेत उरलं काय? 'सखी' तेवढी येते. पण ती येऊन करणार काय, तिच्याशी बोलायला विषयच उरलेला नसतो. मग माणूस दुसरा शब्द शोधतो. तो बसत नाही म्हणून ओळ मोडतो, आणि मोडताना त्याला कळतं की त्या ओळीत सांगण्यासारखं काही नव्हतंच. पहिला आलेला शब्द परत पाठवायची सवय एकदा लागली की संपलं. रोज पहाटे साडेपाचला पाच ग्रुपांवर ताजी कविता टाकणाऱ्याला ही सवय परवडणारी नाही.

त्यापेक्षा मुक्तछंदाची माझी कृती सरळ आहे. मजकूर कुठलाही चालतो. महापालिकेच्या निवेदनाच्या थाटातलं हे एक वाक्य घ्या:

उद्या
गुरुवारी
संपूर्ण शहराचा
पाणीपुरवठा
बंद
राहील
नागरिकांनी
नोंद घ्यावी

'बंद' एकटा उभा केलाय, त्याला दाद आहे. संमेलनाच्या कविकट्ट्यावर वाचताना तिथे मान थोडी खाली घाला. 'राहील' म्हटल्यावर मनात तीन आकडे मोजा. मागच्या रांगेतून 'वाह' येईल आणि ही कविता आजच्या व्यवस्थेवरचं जळजळीत भाष्य आहे असं खाली उतरल्यावर कुणीतरी सांगेल. ओळ कुठे तोडायची याचीही एक लय असते, मुक्तछंदाला आतून कान लागतो, वगैरे सांगणारे भेटतील. त्यांना कागदाची रुंदी दाखवा.

यमक मात्र सोडू नका. लोकांना कविता आहे हे कळायला काहीतरी खूण लागते. प्रीत, गीत, रीत, मीत यांचा संच घरात असू द्या. एक जरी कडव्यात आला तरी बाकीचे आपोआप मागून येतात. 'आई'ला 'पुण्याई' ठरलेलीच आहे.

आणि कशाला काय नाव द्यावं हे कळेनासं झालं तर गझल म्हणा. पाच वेळा 'होते' आलं की गझल झाली. खरे गझलवाले यावर चिडतात. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून सगळे नियम मांडून ठेवले आहेत, त्यामुळे त्यांच्या हातात काठी आयती आली आहे. तुम्ही 'वारा', 'तारा', 'किनारा' इथपर्यंत सुखरूप येता, चौथ्या शेरात 'हिरा' आणता, आणि रात्री अकराला निरोप येतो: अलामत भंगली. ('रा'च्या आधी 'आ' हा स्वर ठरला होता, 'हिरा'त तो 'इ' झाला.) बस, एवढंच. त्या शेरात तुम्ही घटस्फोट सांगितलेला असतो, त्याबद्दल अक्षर नाही. अशा माणसांना ग्रुपमध्ये ठेवू नये. ठेवलं तर ॲडमिन करू नये.

हे सगळं पाळलंत तर वृत्तावाचून सहसा काही अडत नाही. अडतं ते लग्नात. मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात म्हणतात: 19 अक्षरं, बाराव्यावर यती. 'आली लग्नघटी समीप नवरा' म्हणून गुरुजी थांबतात, श्वास घेतात, मग 'घेऊनि यावा घरा' करत पुढे जातात. इथवर ठीक. नंतर नवरीच्या मावशीनं हौसेनं रचलेलं, गुलाबी कागदावर छापलेलं कडवं गुरुजींच्या हातात येतं:

इंजिनियर नवरा पुण्याचा शोभतो, नवरी आहे एमबीए झालेली

मोजा. 26 भरतील. गुरुजी कितीही मुरलेले असले तरी चाल ठरलेली आहे आणि बाराव्या अक्षरावर थांबावंच लागतं. त्यामुळे भर मांडवात 'इंजिनियर नवरा पुण्याचा शो' एवढंच ऐकू येतं आणि शांतता पसरते. काही मंडळी संपलं समजून अक्षता टाकून मोकळी होतात. उरलेली 14 अक्षरं सातांच्या जागेत कोंबताना 'एमबीए' कुठल्या कुठे जाते. दोन वर्षांची फी भरलेले वडील स्टेजवरच असतात. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येतात. मावशींना मात्र कुणी काही बोलत नाही. माइक खराब होता असं ठरतं.

काकांची बाजू घ्यायला नको, पण काकांवर अन्यायही नको म्हणून हेही सांगतो, की वृत्तं घोटवून बसलेले सगळेच कवी होतात असं नाही. साहेबांच्या वाढदिवसाला निर्दोष वसंततिलकेत कवन करणारे मी ऐकले आहेत. एक मात्रा इकडची तिकडे नाही आणि एक शब्द खरा नाही. आपलं निदान दोन्हीकडून सारखं असतं.

आता संग्रहाचं बघा. तो स्वखर्चानंच निघतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मलपृष्ठावर 'तंत्राच्या आहारी न जाणारी उत्स्फूर्त लेखणी' असं छापून घ्या, म्हणजे परीक्षण लिहिणाऱ्याला तेच उचलता येईल. प्रती पडून राहतील ही भीतीही नको. वास्तुशांतीला, मुंजीला, निवृत्तीच्या निरोपसमारंभाला बिनदिक्कत वाटता येतात. फक्त मुलीचं लग्न ठरलेल्या घरी देऊ नका. पुस्तक तिथे कुणी उघडत नाही, पण आठवडाभरात फोन येतो आणि नवऱ्या मुलाचं नाव, कंपनी, हुद्दा कळवून मंगलाष्टक मागतात.