तेलाची तिथी

जोरदार इंजिनाची गाडी घेतली की सुरुवातीला लोक विचारतात, "किती पळते?" पुढे ती गाडी विकेपर्यंत एकच प्रश्न उरतो : "तेल कधी बदललं?"

या प्रश्नावर आजवर दोन माणसांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. गाडीचं मॅन्युअल म्हणतं, पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. डीलरचा सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो, "सर, पुस्तकातलं सोडा, तुम्ही साडेसात हजारांवर या." माझा एक गाडीवेडा मित्र पाच हजारांच्या वरचा आकडा ऐकूनच घेत नाही. त्याच्या इंजिनातून काढलेलं तेल इतकं स्वच्छ असतं की ते फेकून देताना मेकॅनिकच्या जिवावर येतं.

शेवटी, भांडण मुळापासून मिटवावं म्हणून मी मॅन्युअलच नीट वाचायला घेतलं. तिथे 'कठोर वापर' नावाचा एक चौकट आखलेला मजकूर आहे. असा वापर असेल तर तेल लवकर बदला, म्हणतात. मी खुशीत वाचू लागलो. मनात रेसट्रॅक, किंचाळणारे टायर, पाठीत दाबून बसवणारा वेग वगैरे. रेसट्रॅकचा उल्लेख होताही, पण सगळ्यात शेवटी, जाता जाता. त्याच्या आधीची यादी अशी : जवळच्या जवळच्या फेऱ्या, इंजिन पुरतं तापण्याआधी बंद करणं, गर्दीत रेंगाळणं, धूळ. म्हणजे ताशी अडीचशेच्या पुढे जाऊ शकणारी गाडी मी जिवापाड जपत, घर ते ऑफिस, दुसऱ्या गिअरच्या वर न जाता चालवतो, तोच कठोर वापर! मी हे घरी वाचून दाखवलं. "अहो, सायकलवाले पुढे जातात तुमच्या," एवढंच उत्तर आलं.

आणि दुर्दैवाने मॅन्युअलचं बरोबर आहे. थंड इंजिनात थोडं पेट्रोल न जळता पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरतं. जळलेल्या पेट्रोलातून पाण्याची वाफ निघते, तिचंही आत थंड धातूवर पाणी होतं. तेल चांगलं शंभर अंशांच्या आसपास काही काळ तापलं तरच हे दोघे उडून जातात. काटा मध्यावर आला म्हणून आपण समजतो की इंजिन तापलं, पण तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा. तेल त्याच्या बरंच मागून येतं, आणि ते येईपर्यंत मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये शिरलेलो असतो. टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याची, पाती मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतात आणि त्यांचा दांडा या तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असतो, हे वाचल्यापासून तर मला लिफ्टमध्येही घाम फुटतो.

बरं, तेल किती उरलंय ते तरी बघावं, तर डिपस्टिकच नाही! जुन्या गाडीत कांडी ओढली, फडक्याला पुसली, पुन्हा घातली, झालं. माझ्या गाडीत त्याजागी एक बुजवलेलं भोक आहे आणि बाकी सगळं पडद्यावर. गाडी सपाट जागी हवी, इंजिन पूर्ण तापलेलं हवं, मग ते चालू ठेवून थांबायचं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरते आणि मधेच 'मापन शक्य नाही' असा निकाल येतो. तेल दिसायला कसं आहे, हा प्रश्न तर बादच. दिसलं असतं तरी उपयोग नव्हता म्हणा; काळं पडलेलं तेल वाईटच असतं असं नाही, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. खरं काय ते प्रयोगशाळेत कळतं. तिथे नमुना पाठवला की तेलात लोखंड किती, तांबं किती, पेट्रोल किती ते दशलक्षांशात सांगतात. पण नमुना काढायचा तर आधी तेल काढावं लागतं, म्हणजे पुन्हा डीलर.

तर डीलर. तिथे एक काचेची भिंत आहे. तिच्यातून सगळ्या गाड्या दिसतात, आपली सोडून. मी ॲडव्हायझरला विचारलं, "तेल कोणतं घालणार?"

"सर, फुल्ली सिंथेटिक."

"ग्रेड कोणता?"

"सर, एकदम बेस्ट क्वालिटी."

आता हा प्रश्न काही चोंबडेपणाचा नव्हे. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम५ मधलं व्ही१० इंजिन मिनिटाला ८,२५० फेऱ्यांपर्यंत जायचं, त्याला १०डब्ल्यू-६० सारखं दाट तेल लागे. निसानच्या जीटी-आरला मात्र त्याहून पातळ ०डब्ल्यू-४०. दोन्ही गाड्या तितक्याच माजोरड्या, पण एकीचं तेल दुसरीला चालत नाही. हे मी त्याला समजावत होतो तोवर त्याने टॅबलेटवर यादी उघडली होती : इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, व्हील अलाइनमेंट. "सगळं रेकमेंडेड आहे, सर." फ्लशची शिफारस मॅन्युअलमध्ये कुठे आहे, असं विचारल्यावर तो पुढच्या ओळीवर गेला.

गाडी धुऊन-पुसून आली. मी म्हटलं, "जुना फिल्टर दाखवा." तो म्हणाला, "डिस्पोज झाला, सर." "आणि ड्रेन प्लगचा वॉशर? नवा टाकला ना?" "सगळं प्रोसिजरप्रमाणे, सर."

चावी फिरवली. डॅशबोर्डवर ठसठशीत अक्षरांत : 'तेल बदला'.

मी खाली उतरलो. ॲडव्हायझर शांतपणे आत बसला, एक बटण काही सेकंद दाबून धरलं, आणि संदेश पुसला गेला. माझ्या गाडीसारख्या कितीतरी गाड्यांतला तो संगणक तेलाकडे बघतच नाही, हे मी कुठेतरी वाचलं होतं. इंजिनाच्या फेऱ्या, तापमान, थंडीत किती वेळा सुरू केलं, यावरून तो हिशेब मांडतो. आणि बटण दाबलं की गुमान शून्यापासून मोजायला लागतो. इंजिनात मग तेल नवं असो की मागच्या वर्षीचं.

मी ॲडव्हायझरकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"सर, तेल बदललंय," तो म्हणाला. मी काही विचारलेलं नव्हतं.