‘पगाराने माणूस टिकत नाही’ म्हणे!

धाकटा भाऊ चाकणला मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत लाइनवर आहे. इन्क्रिमेंटची पत्रं मिळायच्या तोंडावर एचआरने त्यांच्या ग्रुपवर ‘यशस्वी कंपन्यांची पाच गुपितं’ हा मेसेज टाकला आणि भावाने तो मला पाठवून विचारलं, दादा, यात काही तथ्य आहे का? सार एवढंच की पगारवाढीने माणूस कामाला लागत नाही, आपुलकीने लागतो. तुमच्याकडेही आला असेल, खाली हात जोडलेले इमोजी असलेला.

सगळ्यात कहर म्हणजे फोर्ड. म्हणे हेन्री फोर्डने कामगारांना कुटुंब मानलं म्हणून कोणी सोडून जाईना. अहो, १९१३ साली डेट्रॉइटजवळच्या त्याच्या मोटारींच्या कारखान्यात माणसं टिकतच नव्हती, वर्षाची गळती ३७० टक्के, म्हणजे एक जागा भरलेली ठेवायला वर्षात तीन-चार माणसं घ्यावी लागायची, कारण असेंब्ली लाइनवर दिवसभर तोच तो नट पिळून लोक वैतागायचे. मग जानेवारी १९१४ मध्ये त्याने काय केलं? अडीच डॉलरच्या आत असलेला दिवसाचा पगार थेट पाच डॉलरवर नेला आणि नऊ तासांची पाळी आठ तासांची केली. गेटवर नोकरीसाठी हजारोंची झुंबड उडाली आणि गळती धाडकन खाली आली. आपुलकी कुठाय यात, रोख पैसा आहे! आणि ते ‘कुटुंब’ही ऐका. पाचातला जवळपास निम्मा पैसा नफ्यातला वाटा म्हणून मिळायचा आणि तो मिळायला कंपनीची माणसं घरी येऊन बघायची, घर स्वच्छ आहे का, हा दारू पितो का, पैसे साठवतो का. मुलगी द्यायच्या आधी सासरा पण एवढी चौकशी करत नाही.

दुसरं, ‘हर्झबर्गने सिद्ध केलंय की पैशाने प्रेरणा मिळत नाही.’ हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. त्याने पन्नासच्या दशकात पिट्सबर्गकडच्या दोनेकशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून मांडणी केली, प्रेस शॉपमध्ये उभ्याने पाळी काढणाऱ्यांशी नाही. आणि तो म्हणाला काय, तर पगार कमी असला की माणूस नाराज होतो, ती नाराजी आधी काढा, मग खरा उत्साह कामातून, जबाबदारीतून, कौतुकातून येतो. त्यातला पहिला अर्धा भाग मेसेजवाल्याने सोयीस्कर गिळलाय.

मेसेजमधलं तिसरं गुपित, सुरतचे हिरे व्यापारी सावजी ढोलकिया. त्यांनी २०१४ च्या दिवाळीत कामगारांना ४९१ गाड्या आणि २०० फ्लॅट वाटले हे खरं, पण गाडी म्हणजे पैसाच की. शिवाय सुरतेत हिरे घासणाऱ्या कारागिराची कमाई बहुतेक नगावर चालते, जितके हिरे तितके पैसे. गूगलचं फुकट जेवण? आधी त्यांचे पगार बघा, मग जेवण.

आणि ‘बोनस म्हणजे मालकाचं मोठं मन’. अहो, बोनस १९६५ पासून कायद्यातच आहे. आज वीस किंवा जास्त माणसं असतील तर ठरलेल्या मर्यादेतल्या पगाराला किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, कंपनी तोट्यात असली तरी. नव्या कंपनीला थोडी सूट आहे, पण मन बिन काही नाही.

बरं, एक मान्य करतो. भोसरीत मामाचं छोटं वर्कशॉप आहे, त्याला मोठ्या कंपन्यांएवढा पगार परवडत नाही. तो जूनमध्ये पोरांच्या फीसाठी बिनव्याजी उचल देतो, वारीला जाणाऱ्याचा खाडा धरत नाही, हेल्पर म्हणून आलेल्या पोराला सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, सेटिंग शिकवतो. माणसं वर्षानुवर्षं टिकलीत, त्यामुळे आपुलकीला किंमत नाही असं नाही. पण सात तारखेला पगार हातात असतो, ही आपुलकी त्याच्यावरची आहे, त्याच्याऐवजी नाही.

भावाला एवढंच सांगितलंय की पगाराची स्लिप काढ आणि ओव्हरटाइम कोणत्या रेटने लावलाय ते बघ, कायद्याप्रमाणे तो डबल लागतो. सिंगल लावला असेल तर फोटो पाठव, मग त्या एचआरला सहावं गुपित मी पाठवतो.