‘बुलेट आहे, गळणारच!’ असं म्हणणाऱ्यांना

गेल्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, आमच्या गल्लीतल्या तिघांनी मला एकच मेसेज पाठवला. माझ्याकडे बाबांची १९८६ ची कास्ट आयर्न बुलेट आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे प्रेमानंच पाठवला असणार. मजकूर थोडक्यात असा: जुनं एअर-कूल्ड इंजिन तापतं, तापलं की फुगतं, म्हणून तेल गळणं हा त्याचा धर्मच. गळत नसेल तर समजा, तेल संपलंय. फारच गळायला लागलं तर बोल्ट करकचून आवळा, जोडावर सिलिकॉन चोपडा, २०डब्ल्यू५० हे नेहमीचं इंजिन ऑइल सोडून ९० नंबरचं गिअर ऑइल टाका आणि जेवढं गळेल तेवढं वरून भरत राहा. नागपूरच्या उन्हात दुसरा इलाज नाही म्हणे.

तर्री पोह्यावर हवी, पोर्चच्या फरशीवर नको. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी उन्हाचं बघू. बुलेटचं वरचं हेड अल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा. तापल्यावर अल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे जोड प्रत्येक वेळी थोडा हलतो, इथवर मेसेज बरोबर आहे. पण तेवढं हलणं झेलायलाच तर तिथं पॅकिंग असतं. आणि चालत्या इंजिनाचं हेड दीडशे अंशांच्या पुढं सहज जातं. त्याला बाहेर ४५ आहे की १२, यानं फार फरक पडत नाही. माझी गाडी डिसेंबरातही तितकीच गळत होती. शिवाय उष्णताच दोषी असती तर सगळ्यात जास्त तेल सायलेन्सरच्या बाजूला, हेडच्या जोडातून यायला हवं. प्रत्यक्षात जुन्या बुलेटवाल्यांची रड कुठली असते? टॅपेट कव्हर (झडपा उघडणाऱ्या टॅपेटवरचं झाकण), क्लच कव्हर, ब्लॉकच्या बुडाचं पॅकिंग. म्हणजे तुलनेनं थंड जागा.

मग तेल बाहेर का येतं? बऱ्याचदा आतली हवा त्याला ढकलते म्हणून. मेसेजमध्ये या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही, आणि माझी दोन वर्षं याच अज्ञानात गेली.

हिशोब साधा आहे. ७० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव), एकच पिस्टन. तो खाली आला की त्याच्याखालची ३४६ सीसी हवा दाबली जाते. ३००० आरपीएमला हे सेकंदाला पन्नास वेळा होतं. या हवेला बाहेर पडायला ब्रीदर दिलेला असतो, आणि त्यात रबराची एकतर्फी झडप, चिमणीच्या चोचीसारखी. पिस्टन खाली येताना चोच उघडते आणि वर जाताना मिटते, त्यामुळे क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, किंचित ओढ राहते आणि तेल आतच थांबतं. ही चोच कडक झाली किंवा ब्रीदरची नळी गाळानं बुजली की तीच हवा दुसरा रस्ता शोधते आणि जाताना तेल घेऊन जाते.

माझ्या गाडीला चार ठिकाणी ओल होती. वर्षात दोनदा सगळी पॅकिंगं बदलली, महिनाभरात पुन्हा तेच. शेवटी सक्करदऱ्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी गाडी चालू ठेवली, हातात पाना वगैरे काही घेतलं नाही, नुसता ब्रीदरच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला.

“फुंकरच नाही बाप्पा हिला. मग कुठून तरी निघंलच ना ते.”

चोच काढून माझ्या तळहातावर ठेवली. वाळलेल्या चिंचेच्या टरफलासारखी कडक, ओठ एकमेकांना चिकटलेले, नखानंही उघडेनात. नवी बसवली. आता अंगठ्याला एकामागून एक फुंकरा लागत होत्या आणि उलटी ओढ अजिबात नव्हती. हीच चांगल्या झडपेची खूण. चारपैकी दोन जागा त्याच आठवड्यात कोरड्या पडल्या, एकही पॅकिंग न बदलता. नवी झडप घालूनही जोरात वाफा आणि धूर येत असेल, तर मात्र पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. ते बोअरचं काम आहे, पॅकिंगवर पैसे घालवू नका.

उरलेल्या दोन जागा खरोखरच्या गळतीच्या होत्या, पण त्यांचा पत्ता मी चुकीचा धरून बसलो होतो. फरशीवर डाग जिथं, त्याच्या वर गळती, असं वाटतं ना? तसं नसतं. तेल इंजिनाच्या पंख्यांवरून (गार ठेवणाऱ्या पातळ पट्ट्या, फिन्स) खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागं नेतो. मी क्लच कव्हरला शिव्या घालत होतो. मिस्त्रींनी इंजिन डिझेल आणि ब्रशनं धुवायला लावलं, मग साबणाच्या पाण्यानं, मग खडखडीत वाळवून त्यावर बाळाची टाल्कम पावडर भुरभुरली. वर्धा रोडनं खापरीकडे निघालो, दर तीन-चार किलोमीटरला थांबून वाकून बघायचं. रस्त्यानं जाणारे बघत होते, पांढरी शुभ्र बुलेट म्हणून. दुसऱ्या थांब्याला पावडरीत काडीएवढी एक काळी रेघ दिसली. ती हेडमधल्या रॉकरला (झडपा दाबणारा दांडा) तेल नेणाऱ्या बाहेरच्या नळीच्या बोल्टापासून सुरू होऊन पंख्यांमधून खाली उतरत होती. दोष एका तांब्याच्या वायसरचा! तांबं दाबून दाबून कडक होतं, मग जोड धरत नाही. वायसर गॅसवर लाल करून थंड केलं की पुन्हा मऊ होतं. आईच्या शेगडीवर केलं. तिचं काय म्हणणं पडलं ते इथं लिहीत नाही.

चौथी जागा टॅपेट कव्हर, आणि तिथं मेसेजमधलं ‘करकचून आवळा’ मी आधीच करून बसलो होतो. कव्हर मधोमध आवळलं जातं. जास्त जोर दिला की मध्य आत जातो, कडा उचलतात आणि तेल कडेनं येतं. म्हणजे आवळल्यानं गळती वाढली. मिस्त्री म्हणाले, “काहून आवळतं बे एवढं, आल्मुनियम आहे ते.” खरंय, त्यातले आटे एकदा गेले की गेले. शिवाय जुन्या बुलेटचे बरेच आटे इंचाच्या मापाचे आहेत. हाताला लागला तो मिलिमीटरचा बोल्ट दामटून बसवणाऱ्यांनी जेवढी इंजिनं गळकी केली, तेवढी उन्हानं नक्कीच केली नसतील. वाकलेलं कव्हर सरळ करायला जाड काच घ्यायची, त्यावर बारीक पॉलिश पेपर, थेंबभर तेल. कव्हरच्या कडेवर स्केचपेननं रेघा मारायच्या आणि आठाच्या आकड्यात घासायचं. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या की कड सपाट झाली. मला पाऊण तास लागला.

सिलिकॉनबद्दल थोडक्यात. बाहेरून चोपडलेलं सिलिकॉन तेलकट धातूला धरतच नाही. आणि जोड उघडून आत भरपूर लावलं तर दाबल्यावर त्याची वळी आत सुटते, तुटते आणि तेलाबरोबर फिरत राहते. बुलेटमध्ये टायमिंग कव्हरमधून बिग एंडला (पिस्टनच्या दांड्याचा क्रँकवरचा जोड) जाणारी तेलाची वाट बोरूएवढी बारीक आहे. तिथं तुकडा अडकला तर गळती थांबेल खरी, कारण गाडीच थांबेल. क्रँककेसचे दोन भाग जोडताना सीलंट लागतं, नाही असं नाही, पण ते बोटानं पुसल्यासारखं पातळ.

९० नंबरच्या तेलाची गंमत वेगळीच आहे. ९० म्हणजे ५० पेक्षा जाड, असा सरळ हिशोब लावलाय. पण गिअर तेलाची मोजपट्टीच निराळी. ९० नंबरचं गिअर ऑइल गरम असताना साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड भरतं. म्हणजे जाडी वाढत नाहीच, वर इंजिनातली काजळी धुणारं रसायनही त्यात नाही. आणि थंड असताना ते उगाच घट्ट. २०डब्ल्यू५० चाच डबा आणा.

राहिलं ‘वरून भरत राहा’. यात एक जुना फसवा प्रकार आहे. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली की तेलाच्या टाकीतलं तेल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. तेल मोजायच्या काडीवर पातळी कमी दिसते, आपण अर्धा लिटर ओततो. मग किक मारली की खालचं तेल परतीच्या पंपानं वर येतं, टाकी जास्त भरते आणि ब्रीदरमधून पिचकारी उडते. लोक म्हणतात, बघा, गळली! पावसाळ्यात गाडी झाकून ठेवणाऱ्यांकडे हे दरवर्षी होतं. आधी पाच-दहा मिनिटं चालवा, सेंटर स्टँडवर उभी करा, मग काडी बघा. हे तेल मागच्या टायरवर गेलं तर काय होईल, याचा मेसेज लिहिणाऱ्यानं विचार केलेला दिसत नाही.

सध्या माझ्या गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलेलं असतं. त्यावर आठवड्याला कुंकवाच्या टिकलीएवढा एक डाग पडतो, डाव्या बाजूला. तेल काळं नाही, मधाच्या रंगाचं आहे, म्हणजे इंजिनाचं नाही, क्लच ज्यात असतो त्या चेनकेसचं. या वेळी क्लच कव्हरवरचा आरोप खरा निघाला. त्याचं गोल रबर आणून ठेवलंय, रविवारी बसवतो.