ऑगस्टमध्ये मस्कीचे दात पडत नाहीत

मे उजाडला की मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: 'मस्की पकडण्याचं ऋतुवार वेळापत्रक'. मस्की म्हणजे इथल्या तळ्यांतला मोठा शिकारी मासा. मूळ लेखक कोण, कुणालाच ठाऊक नाही. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: एप्रिल-मेमध्ये उथळ पाण्यात छोटी लूर (गळाचं नकली आमिष) टाका. ऑगस्टमध्ये मस्कीचे दात पडतात, हिरड्या दुखतात, तेव्हा घरी बसा. ऑक्टोबरनंतर जेवढी मोठी लूर तेवढा मोठा मासा. पौर्णिमा गाठा. मासा लूरमागे येऊन चावला नाही तर त्याला भूक नाही, पुढे चला. मिळालेला मस्की सोडू नका, तो वॉलआय मासे खाऊन तळी ओस पाडतो. आणि शेवटी, भारतातून आलेल्या आईबाबांना लायसन्स लागत नाही.

यातलं काही अर्धं खरं आहे, काही निव्वळ थाप. मूळ गोची अशी की मेसेज महिन्यांवर चालतो आणि मासा चालतो पाण्याच्या तापमानावर आणि त्या-त्या तळ्यात खायला काय आहे त्यावर.

एप्रिल-मेचा सल्ला आधी घेऊ, कारण तो पाळला तर दंड भरावा लागेल. मिनेसोटात मस्कीचा हंगाम जूनच्या पहिल्या शनिवारी उघडतो, उत्तर विस्कॉन्सिनमध्ये मेअखेरीस, ऑन्टॅरियोच्या बऱ्याच भागांत जूनच्या तिसऱ्या शनिवारी. पाणी साधारण 50 ते 59 अंश फॅरनहाइट झालं की मस्की उथळात अंडी घालतो आणि नेमका तोच काळ बंदीचा असतो. 'पकडून सोडून देऊ' ही सबब मिनेसोटात चालत नाही. केंटकीतल्या केव्ह रनसारख्या जलाशयांत मस्की वर्षभर गरवता येतो. हा सल्ला तिकडूनच उचललेला दिसतो. छोट्या लूरचं मात्र बरोबर आहे. अंडी घालून दमलेला मासा हंगामाच्या सुरुवातीला पाच-सहा इंची लूर जास्त सहज घेतो. पण मे कडक तापला आणि पाणवेली लवकर वर आल्या, तर जूनच्या मध्यालाही तो मोठ्या लूरवर तुटून पडतो.

आता दात. मस्कीचे दात वर्षभर झिजत, तुटत, पडत असतात आणि त्यांच्या जागी नवे येत असतात. कुठल्याही महिन्यात त्याचा जबडा उघडा, एखाददुसरी जागा रिकामी दिसेलच. ऑगस्टमध्ये कमी मासे लागतात असं वाटण्याचं कारण वेगळं आहे: त्या वर्षी जन्मलेल्या पर्च नावाच्या छोट्या माशांच्या पिल्लांनी तळं भरलेलं असतं, समोर ताट वाढलेलंच असतं. भूक मात्र कमी नसते. गरम पाण्यात माशाचा चयापचय जोरात चालतो, त्याला जास्त खावं लागतं. मिनेसोटाचा 54 पौंडांचा जुना विक्रमी मस्की विनिबिगोशिश तळ्यात लागला तो 28 ऑगस्ट 1957 रोजी. त्याच्या हिरड्या दुखत नसाव्यात.

उन्हाळ्यात चालतो तो वेग. बकटेल लूर म्हणजे गळाभोवती केसांची किंवा चमकीची झालर आणि पुढे गरगरणाऱ्या दोन पत्र्याच्या पाकळ्या. दहा नंबरच्या दोन पाकळ्यांची बकटेल पाणवेलींच्या कडेने इतक्या जोरात ओढायची की हाताला रग लागली पाहिजे. माशाला विचार करायला वेळच द्यायचा नाही. संध्याकाळी वारा पडला की पाण्यावर गुडगुड करत जाणारी टॉपवॉटर लूर.

ऑगस्टमध्ये घरी बसायचं एक खरं कारण आहे आणि ते मेसेजमध्ये नाही. पृष्ठभागाचं पाणी 80 अंशांवर, म्हणजे साधारण 27 सेल्सियसवर गेलं की मस्की गरवायला जाऊ नये. गरम पाण्यात प्राणवायू कमी, त्यात झुंजीने थकलेला मासा. तो हातातून निसटून झोकात निघून जातो, आपण खूश होतो, आणि तो नंतर कुठेतरी मरतो. दुपारच्या आकड्यावरून पहाटेचा अंदाज बांधू नका, पण पहाटेलाच 80 दिसलं तर बोट ट्रेलरवरून उतरवूच नका. बास, वॉलआय, काहीही गरवा.

'उन्हाळ्यात खोल जा' असंही काही जण मेसेजखाली जोडतात. कुठल्या तळ्यात? मिल लॅक्स अफाट पसरलेलं, पण सर्वात खोल जागी 42 फुटांच्या आसपास. वारा ते ढवळत राहतो. मिनेटोंकाच्या काही भागांत खोली शंभर फुटांपलीकडे आहे, पण उन्हाळ्यात पाण्याचे थर पडलेल्या सुपीक तळ्यात तळाशी प्राणवायूच उरत नाही. तिथे बारा किलोचा मासा काय करणार? तो खोल पाण्यावर, पण वरच्या थरात तरंगत असतो.

शरद ऋतूचा मुद्दा सगळ्यात अवघड, कारण तो बराचसा खरा आहे. मिनेसोटाचा सध्याचा विक्रम, 55 पौंड 14.8 औंस, 22 नोव्हेंबर 2021 ला मिल लॅक्सवरच झाला. उशिराच्या थंडीत सिस्को नावाचे चंदेरी मासे अंडी घालायला खडकाळ उथळावर येतात आणि मस्की त्यांच्यामागे. तेव्हा फूटभर लांबीची जड रबरी लूर हळूहळू, झटके देत, मध्ये थांबवत आणणं शहाणपणाचं. पण ज्या तळ्यात सिस्कोच नाही तिथे हा हिशेब कोलमडतो. तिथे शेवटपर्यंत हिरव्या राहिलेल्या वेलींचा पट्टा शोधा, बेताची लूरही चालेल. आणि त्याआधी काही दिवस असे येतात की वरचं पाणी थंड होऊन खाली जातं, सगळं तळं ढवळून निघतं आणि मासे कुठे पांगलेत ते कळत नाही. मेसेज या दिवसांबद्दल गप्प आहे. त्या दिवसांत मी दुसरं, आधीच ढवळून स्थिरावलेलं तळं गाठतो.

पौर्णिमेचं उत्तर आकड्यांत आहे. मस्कीवाल्यांनी वर्षानुवर्षं नोंदवलेल्या 3,41,959 माशांचा अभ्यास 2014 मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञानपत्रिकेत छापून आला. चंद्राचा परिणाम सापडला, पण जास्तीत जास्त 5 टक्क्यांच्या आसपास. तोही पौर्णिमा आणि अमावस्या दोन्हींच्या सुमारास, आणि भर उन्हाळ्यात, रात्री थोडा अधिक. तेवढ्यासाठी रजा टाकायची असेल तर टाका.

'मागे आला, चावला नाही, पुढे चला' हा मला सगळ्यात खटकणारा सल्ला. मस्कीच्या खेळातली खरी गंमत बोटीच्या कडेलाच आहे. लूर जवळ आली, लीडर (लूरला दोरीशी जोडणारा मजबूत तुकडा) रॉडच्या टोकापासून फूटभर उरला की उचलायची नाही. रॉडचं टोक पाण्यात खुपसायचं आणि लूर न थांबवता मोठ्या वळणाने इंग्रजी आठ काढायचा. वळण ऐसपैस हवं, चार फुटी माशाला चिंचोळ्या जागेत वळता येत नाही. पोलराइज्ड चष्म्यातून खाली एक तपकिरी ओंडका दिसतो, आणि वळणावर त्या ओंडक्याला तोंड फुटतं. त्या क्षणी दचकून रॉड उचलू नये, हे लिहायला सोपं आहे. तरीही नाही चावला, तर जागा लक्षात ठेवून सूर्य कलल्यावर परत यायचं. 'पुढे चला' हा सल्ला पाळणारे लोक लागणारे मासे सोडून तळंभर फिरत राहतात आणि मग म्हणतात, दहा हजार वेळा लूर फेकल्याशिवाय मस्की लागत नाही.

वॉलआयचं म्हणाल, तर उत्तर विस्कॉन्सिनमधल्या 34 तळ्या-नद्यांतल्या हजाराहून जास्त मस्कींच्या पोटात काय सापडतं ते 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. मुख्यतः पिवळा पर्च आणि सकर हे मासे, वॉलआय नगण्य. शिवाय मिनेसोटाच्या बहुतेक तळ्यांत 54 इंचांखालचा मस्की ठेवताच येत नाही, आणि तेवढा व्हायला त्याला कैक वर्षं लागतात. रबरी जाळं, लांब पक्कड आणि गळ कापायचं कटर बोटीत असू द्या. मोजमाप जाळं पाण्यात ठेवूनच.

राहिले आईबाबा. मिनेसोटात 16 किंवा त्याहून जास्त वयाच्या पाहुण्याला लायसन्स लागतंच, मग ते सुनेच्या बाळंतपणाला आलेले का असेनात. बाहेरच्यांसाठी 24 तासांचंही लायसन्स मिळतं, ते काढा आणि बाबांना बोटीत घ्या.