करवंटीची खडी वापरताना पाण्याचा हिशोब

दगडी खडीऐवजी नारळाच्या करवंटीचे तुकडे वापरून हलके काँक्रीट करावे, ही एका लेखात वाचलेली शिफारस मला मनापासून पटते. मात्र पाण्याचा मुद्दा त्या लेखात निसटला आहे. चांगली दगडी खडी स्वतःच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के पाणी शोषते, तर करवंटी २० टक्क्यांहून अधिक शोषते, त्यामुळे कोरडे तुकडे तसेच टाकले तर ते सिमेंटसाठी मोजून घातलेले पाणी ओढून घेतात आणि माल नीट कालवला जात नाही. म्हणून तुकडे दिवसभर भिजवून, वरचे पाणी पुसले गेल्यावरच वापरावेत.

साधे काँक्रीट दर घनमीटरला सुमारे २४०० किलो भरते. सगळी खडी करवंटीची असेल तर ते २००० किलोच्या खाली येते, हा लाभ खरोखर मोठा आहे. मलेशियात तेलताडाच्या कवचावर असेच काम १९८०च्या दशकापासून चालू आहे. तरीही करवंटीची आतली बाजू गुळगुळीत असल्याने सिमेंटची पकड तिथे सैल पडते, म्हणून सुरुवात भार न पेलणाऱ्या भिंतींच्या ठोकळ्यांपासून व्हावी, स्लॅबपासून नव्हे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

उसाच्या चिपाडाला हाच न्याय लावता येत नाही, कारण त्यात उरलेली साखर सिमेंटचे घट्ट होणे लांबवते. त्याची राख वापरतात, पण ती सिमेंटच्या काही भागाऐवजी, खडीऐवजी नाही. शिवाय कोकणात करवंटी निरुपयोगी नाही: ती अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत जाते, कोळशासाठी विकलीही जाते, तेव्हा ती फुकट मिळेल असे गृहीत धरून खर्च मांडू नये.