कुलगुरू डी. सी. पावटेंवरचा तो मेसेज पुढं ढकलायच्या आधी तारखा तरी बघा

आमचा भाचा बेळगावात बीएस्सी झालाय, धारवाडला एमएस्सी मॅथ्सचा फॉर्म भरायचा म्हणून महिनाभर मागं लागलेला. परवा म्हणतो, "मामा, धारवाड नको, ती युनिव्हर्सिटी आपल्या मुळावर काढलीय." आणि मोबाईल पुढं केला. तोच ग्रुपाग्रुपातून फिरणारा मेसेज: 1956 ला बेळगाव कर्नाटकात गेल्यावर तिथल्या सरकारनं मराठी पोरांना पुणे विद्यापीठापासून तोडायला धारवाडचं विद्यापीठ काढलं, डी. सी. पावटे नावाचा शिक्षणाशी संबंध नसलेला पुढारी कुलगुरू म्हणून बसवला, आणि बक्षीस म्हणून त्याला पंजाबचा राज्यपाल केला.

अहो, कर्नाटक विद्यापीठाचा कायदा 1949 चा आहे आणि तो केला मुंबईच्या विधिमंडळानं, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना. कायद्याचं साल कुणालाही बघता येतं, ते एकदा बघितलं की अर्धा मेसेज तिथंच संपतो. तेव्हा बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार सगळं मुंबई राज्यातच होतं की! पुणे विद्यापीठ 1949 ला सुरू झालं, गुजरात विद्यापीठही त्याच साली. तोवर इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली, बेळगावचं 1933 चं लिंगराज कॉलेज घ्या नाहीतर 1945 चं राणी पार्वतीदेवी, म्हणजे आरपीडी, आणि एका मुंबईवरचा भार कमी करायला भागाभागाची विद्यापीठं काढली गेली. मग पुण्यापासून तोडलं कुणाला? जे जोडलेलंच नव्हतं ते तोडणार कसं? आणि 1956 ला ज्या राज्यात आपल्याला घातलं त्याचं नाव म्हैसूर होतं, कर्नाटक नाव पडलं 1973 ला, एवढंही मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नाही.

आता पावटे. मला चीड आली ती इथं. गोकाक तालुक्यातल्या ममदापूरचा हा माणूस, जन्म 1899 चा, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून केंब्रिजला गेला, सिडनी ससेक्स कॉलेज, आणि गणितात रँग्लर झाला. रँग्लर म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावं लागावं? रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी ही नावं आपण अभिमानानं घेतो, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांचा तोच हा मान. पुढं शिक्षण खात्यात इन्स्पेक्टर, आणि 1947 ते 54 अख्ख्या मुंबई राज्याचे शिक्षण संचालक. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीची मराठी शाळा, गुजराती शाळा, कन्नड शाळा, सगळ्या एका खात्याखाली आणि त्या खात्याच्या डोक्यावर हे. 1954 ला कुलगुरू झाले तेव्हाही धारवाड मुंबई राज्यातच, मुख्यमंत्री मोरारजी देसाई. 1967 पर्यंत तेरा वर्षं ते विद्यापीठ सांभाळलं, आज विद्यापीठाचा पत्ताच पावटेनगर आहे. याला शिक्षणाशी संबंध नसलेला पुढारी म्हणायचं?

राज्यपालपद, होय, 1967 ते 73 पंजाबला होते. राज्यपाल दिल्ली नेमते, त्यात राजकारण असतं हे मी नाकारत नाही. पण सीमाप्रश्नाचं बक्षीस ही जोडणी कशावरून केली, ते मेसेजात कुठंच नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, मनात नसलं तरी. धारवाडचं विद्यापीठ ही कन्नड भागाची मागणी होती, नावातच आहे ते, आणि 1956 ला आम्हाला न विचारता तिकडं टाकलं हे दुखणं खरं आहे, आमच्या घरात ते रोज बोललं जातं. म्हणूनच तर राग येतो. खरं दुखणं असताना खोट्या तारखा कशाला लागतात?

आणि त्याच धारवाडच्या विद्यापीठात मराठी विभाग आहे, आपल्या भागातली मराठी पोरं तिथं एमए करून इथल्या कॉलेजात शिकवतेत. बेळगावची कॉलेजं तर 2010 पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली, म्हणजे मेसेज लिहिणारा आजच्या बाबतीतही मागंच आहे.

भाच्याला हे सगळं सालासकट कागदावर लिहून दिलं. तो म्हणाला, ग्रुपवर टाकू काय? म्हटलं टाक, पण आधी फॉर्म भर, मुदत संपायला आलीय.