रिव्ह्यूअर नंबर दोन

यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्याला प्रमोशन हवं असेल, तर जर्नलमध्ये संशोधनाचा पेपर छापून आणावा लागतो. मी गुलाबी बोंडअळीवर लिहिला. २०१७ साली तिनं विदर्भातली कपाशी पोखरल्यापासून विषय शोधायला लांब जावं लागत नाही. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग ३ रात्री ८-८ पतंग सापडले की फवारावं, अशी शिफारस आहे. ती आमच्या वावरात कितपत लागू पडते, हे पाहायचं होतं. त्यासाठी काही ओळी फवारलेल्या, काही बिनफवारणीच्या ठेवायच्या आणि हिरवी बोंडं फोडून अळ्या मोजायच्या.

एडिटरनं दारातूनच परत पाठवला नाही, हीच पहिली कृपा. पेपर तपासायला दोन रिव्ह्यूअरांकडे गेला आणि वेबसाइटवर ‘अंडर रिव्ह्यू’ असं उमटलं. तान्ह्या पोळ्याला ते दिसत होतं, होळीलाही तेच. तक्रार तरी कुणाकडे करता? हे रिव्ह्यूअर म्हणजे आपल्यासारखेच मास्तर. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून वेळ काढून पेपर वाचतात, बहुधा फुकटात.

रिव्ह्यूअर नंबर एकनं लिहिलं, ‘काम चांगलं आहे, इंग्रजी सुधारा.’ असा माणूस घरोघरी जन्मावा!

नंबर दोननं पानंच्या पानं भरली. आधी चार संदर्भ घालायला सांगितले. चारही लेख एकाच माणसाचे. नावं झाकून रिव्ह्यू करतात म्हणे. मग खरा घाव: ‘सप्टेंबरअखेरीस बिनफवारणीच्या ओळींतल्या अळ्या अचानक कशा कमी झाल्या?’

मी भडकलो. रोज वावरात उभा मी, आणि कपाशीचं झाड कॅलेंडरवर पाहिलेला हा गडी मला विचारतो! तरी वावराचे मालक असलेल्या काकांना विचारलं. काकांनी शांतपणे खर्रा तोंडात टाकला.

“थ्या ओळी तशाच राह्यल्या होत्या ना सर. मास्तर मानूस, तुमच्याकडं पंप कुठचा? मीच देलं मारून. पैशे नोका देऊ.”

अशा वेळी आइन्स्टाइन आठवतो. १९३६ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’ या जर्नलनं त्याचा गुरुत्वीय लहरींवरचा पेपर रेफरीकडे, म्हणजे रिव्ह्यूअरकडेच, धाडला, म्हणून त्यानं रागानं तो परतच घेतला. पुढं दुसरीकडे छापला, तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. रेफरीचं बरोबर होतं. आइन्स्टाइनचीही ही गत, हे वाचून बरं वाटलं, पण नंबर दोनवरचा राग काही गेला नाही. बरोबर असलेल्या माणसावर तो जास्तच येतो.

स्टाफरूममधल्या सरांना माझा हा ताप पाहवेना. पैसे भरले की चार दिवसांत छापणारं जर्नल त्यांच्या माहितीत होतं. वर त्यांनी दाखलाही दिला, “वॉटसन-क्रिकचा डीएनएचा पेपर ‘नेचर’नं १९५३ ला रेफरीकडे पाठवलाच नव्हता!” खरं आहे. ‘नेचर’नं सगळ्याच पेपरांना ही चाळणी लावली ती १९७३ पासून. पण वॉटसन-क्रिकच्या कामात आमचे काका नव्हते.

शेवटी एडिटरचा निकाल आला, मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठी दुरुस्ती. खरेदी केंद्रावरचा ग्रेडर ओलावा १२ टक्क्यांच्या वर दिसला की कापसाची बंडी परत फिरवतो आणि वाळवून आणायला सांगतो, तसंच हे. फक्त कापूस दोन दिवसांत वाळतो. मला आणखी एक अख्खा हंगाम घ्यायला सांगितलं होतं.

तर यंदा पुन्हा वावरात आहे. बिनफवारणीच्या ओळींना लाल रिबिनी बांधल्या, ‘फवारू नये’ची पाटी ठोकली आणि काकांना सगळा रिव्ह्यू मराठीत वाचून दाखवला. त्यांनी मन लावून ऐकला. त्या पिवळ्या पडलेल्या ओळींकडे बराच वेळ पाहिलं.

“औंदा फवारा नाही मारत, सर,” ते म्हणाले. “थोडासा युरिया टाकून देतो. तेवढं त्याले काय समजते!”